नऊ विमानं कुणी मोजली?

मुलांनो, पेन न्यायला बंदी असलेली अभ्यासाची जागा तुम्ही कधी पाहिली आहे का? पेन नाही, खोडरबर नाही, टोकयंत्रसुद्धा नाही. फक्त शिसपेन्सिल चालते, तीही पारदर्शक पिशवीत घालून, सगळ्यांना दिसेल अशी. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी अशा जागी तीन दिवस जाऊन बसले. पहिल्याच दिवशी माझ्या पर्समधली दोन पेनं खालच्या कपाटात कुलूपबंद झाली. वर्गात तुमची गळकी पेनं आम्ही जप्त करतो, तेव्हा तुम्हांला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी बरोबर कळलं!

ही जागा आहे लंडनमध्ये, क्यू नावाच्या भागात. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली मी एक बाई तिथं कशाला गेले, ते आधी सांगते. कारण हे सगळं घडलं आमच्या चौथीतल्या एका मुलामुळे.

त्याला टपाल तिकिटं जमवायचा नाद. एक दिवस तो एक तिकीट घेऊन आला. (वहीत डिंकाने चिकटवलं होतं. तिकिटं डिंकाने चिकटवू नयेत, हे मी त्याला चारदा तरी सांगितलं असेल.) १९९८ साली आपल्या टपाल खात्याने काढलेलं ते तिकीट होतं, आणि ते होतं इंद्रलाल रॉय या वैमानिकाच्या स्मरणार्थ. मग काय, गणिताचा तास बाजूला राहिला. मी सांगायला लागले : हा कोलकात्यात जन्मलेला मुलगा, लंडनमध्ये शिकला, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या विमानदलात गेला. तेरा दिवसांत त्याने शत्रूच्या नऊ विमानांचा निकाल लावला. 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे शौर्यपदक मिळवणारा तो पहिला भारतीय.

वर्ग अगदी चिडीचूप. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "बाई, नऊ कुणी मोजली? तो तर विमानात एकटाच होता ना?"

मी म्हटलं, "पुस्तकात दिलंय."

"पण पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलं?"

खरं सांगू? मला उत्तर आलं नाही. डी.एड.ला हे काही शिकवलेलं नव्हतं. "शोधून सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण पुढे लंडनला ताईकडे जायचा योग आला, तेव्हा भावोजींनी विचारलं, "काय काय बघायचंय?" राजवाडा, मोठं घड्याळ, हे सगळं सोडून माझ्या तोंडून निघालं, "जुनी कागदपत्रं!" ताईने कपाळाला हात लावला.

पुण्याचं पेशवे दफ्तर तुम्ही ऐकून असाल. तसं हे इंग्लंडचं दफ्तर. नाव 'नॅशनल आर्काइव्ह्ज'. भुयारी रेल्वेचं क्यू गार्डन्स स्टेशन आहे. (रेल्वे भुयारी असली तरी इथं ती उघड्यावर धावते.) तिथं उतरून, टुमदार घरांमधून दहा मिनिटं चाललं की समोर काँक्रीटची एक थोराड इमारत येते. पुढ्यात तळं, तळ्यात पक्षी. आत हजार वर्षांचे कागद आहेत. १०८६ सालची गावोगावच्या जमिनींची मोजदाद केलेली वहीसुद्धा इथंच आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. ओळखपत्रं दाखवली की वाचकाचं कार्ड मिळतं. मग संगणकावर हवा तो कागद मागवायचा आणि वाट पाहायची. आपल्या बैठकीच्या क्रमांकाचा एक खण असतो. काही वेळाने त्या खणात तुमचं खोकं येऊन बसलेलं असतं. खानावळीत ताट यावं तसं!

नियम मात्र कडक. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. कागदावर कोपर टेकायचं नाही. जुनी वही सपाट उघडायची नाही, तिच्याखाली मऊ स्पंजाच्या उशा द्यायच्या. हातमोजे मात्र बहुतेक कागदांना लागत नाहीत, स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरतात.

आणि गंमत ऐका. हीथ्रो विमानतळावर उतरणारी विमानं या भागावरून जातात. खाली मी शंभर वर्षांपूर्वीच्या लाकूड-कापडाच्या विमानांबद्दल वाचतेय आणि डोक्यावरून तीनशे-तीनशे माणसांची विमानं घरंगळत चाललीत!

आता शोध कसा घ्यायचा ते सांगते. कुठलंही पदक जाहीर झालं की ते 'लंडन गॅझेट' या सरकारी पत्रात छापून येतं. हे पत्र १६६५ पासून चालू आहे. आपल्याकडेही सरकारी गॅझेट असतंच. लंडन गॅझेट आता घरबसल्या इंटरनेटवर फुकट वाचता येतं, म्हणजे हे काम तुम्हीसुद्धा करू शकाल. २१ सप्टेंबर १९१८ च्या गॅझेटात इंद्रलालचं नाव आहे. नावाखाली मोजून दोन वाक्यं. अतिशय शूर आणि जिद्दी अधिकारी, तेरा दिवसांत शत्रूच्या नऊ विमानांचा निकाल लावला, एकाच गस्तीत दोन-दोन विमानं पाडण्याचा पराक्रम एकाहून अधिक वेळा केला, असा त्याचा मतलब.

बस्स, एवढंच. पदक म्हणजे या दोन वाक्यांचं चांदीचं रूप. पण 'कुणी मोजली' हे गॅझेट सांगत नाही. त्यासाठी त्याच्या मागच्या कागदांकडे जावं लागतं.

इथं थोडं थांबते आणि इंद्रलालची गोष्ट नीट सांगते. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, म्हणून मी त्याला 'तो'च म्हणणार. जन्म २ डिसेंबर १८९८. घरचं लाडाचं नाव 'लॅडी', म्हणजे आपल्याकडचं 'बाळ्या' समजा. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत होता. विमानदलाने आधी डोळे अधू म्हणून नाकारलं, तेव्हा मोटरसायकल विकून त्याने मोठ्या डॉक्टरांकडून डोळे पुन्हा तपासून घेतले असं सांगतात. १९१७ मध्ये तो भरती झाला. ६ डिसेंबर १९१७ ला त्याचं विमान आदळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं, शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावलं आणि बाहेरच्या माणसाची भीतीने गाळण उडाली, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. आमच्या वर्गाला सगळ्यांत जास्त आवडली ती हीच. मला मात्र त्यापुढचं जास्त आवडतं. डॉक्टरांनी 'आता उडायचं नाही' असं सांगितलेलं असताना तो हट्टाने परत गेला. जून १९१८ मध्ये फ्रान्समधल्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, दाखल झाला.

या तुकड्यांचे लढाईचे अहवाल क्यूला आहेत. पुठ्ठ्याचं खोकं, आत बंदाने बांधलेले गठ्ठे. बंद सोडताना माझे हात थरथरले, हे कबूल करते.

अहवालाचा छापील नमुना असतो, आपल्या शाळेच्या तक्त्यांसारखा. वर रकाने : तुकडी, विमानाचा प्रकार, बंदुका कोणत्या, वैमानिक, तारीख, वेळ, ठिकाण, किती उंचीवर, कोणत्या कामावर. बाजूला निकालाचे तीन प्रकार : 'नष्ट', 'ताबा सुटून कोसळलं' आणि 'नुसतं खाली पिटाळलं'. त्याखाली लढाई कशी झाली त्याची हकिकत. ही हकिकत कुणी सांगायची? वैमानिकानेच! परत येऊन, गार पडलेल्या बोटांनी गरम चहाचा कप धरून, जे झालं ते सांगायचं. शेवटी सही. त्याखाली तुकडीच्या प्रमुखाची सही.

"म्हणजे स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे?" असं तुमच्या मनात आलं असेल. तसं नाही. सोबत उडणाऱ्यांनी पाहिलं का? जमिनीवरच्या तोफखान्याच्या लोकांनी पाहिलं का? हे ताडून बघत, आणि मग वरचे अधिकारी ठरवत. तरी अडचण असायचीच. लढाया बहुतेक वेळा जर्मनांच्या हद्दीवर होत. पाडलेलं विमान पडायचं शत्रूच्या अंगणात. तिथं जाऊन बघणार कोण? आणि ताबा सुटल्यासारखं गरगरत खाली गेलेलं विमान ढगाखाली सावरून घरी गेलं नसेल कशावरून? म्हणून तर ते निरनिराळे रकाने.

आता कागद-पेन्सिल घ्या. इंद्रलालचा हिशेब असा आहे : ६ जुलैला एक. ८ जुलैला चार तासांत तीन. १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक, १९ ला एक. बेरीज करा बघू. किती आली? दहा! आणि गॅझेट म्हणतं नऊ. आणखी एक : ६ पासून १९ पर्यंत बोटांवर मोजा. दोन्ही दिवस धरले तर चौदा होतात, पहिला सोडला तर तेरा. आहे की नाही मजा? सरकारी छापील कागदातसुद्धा हिशेबाला जागा असते. दोघांनी मिळून पाडलेलं विमान एकाच्या नावावर लावायचं की दोघांच्या, 'ताबा सुटलेलं' धरायचं की नाही, यावर आकडा बदलतो. आज विमानयुद्धाचे अभ्यासक त्याच्या नावावर दहा धरतात. म्हणजे मी वर्गात सांगितलेले नऊ चूक नव्हते आणि अगदी बरोबरही नव्हते. आमच्या तिकीटवाल्याची शंका फारच रास्त निघाली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी आणखी मागची नावं काढली. लढाईत विमानं नवी होती, तेव्हा पदकंही नवीच करावी लागली. हे फ्लाइंग क्रॉस पदक सुरूच झालं ३ जून १९१८ ला, राजे पंचम जॉर्ज यांच्या वाढदिवशी. त्याआधी विमानदलाच्या अधिकाऱ्यांना पायदळाचीच पदकं मिळत. आणि एक गोष्ट मला मुळीच आवडली नाही. अधिकाऱ्याला क्रॉस, आणि तसंच काम करणाऱ्या साध्या शिपायाला मेडल! पराक्रम तोच, पण बिल्ला वेगळा. हा भेद १९९३ साली काढला. पाऊणशे वर्षं लागली.

आकाशातल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक पहिल्यांदा मिळालं विल्यम ऱ्होड्स-मूरहाऊस यांना. २६ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या कोर्ट्रे गावच्या रेल्वेमार्गावर बॉम्ब टाकायला ते एकटेच गेले. जेमतेम ३०० फूट उंचीवरून बॉम्ब टाकला. खालून गोळ्यांचा पाऊस. जबर जखमी झाले. जवळ कुठंतरी उतरता आलं असतं, पण सुमारे ३५ मैल विमान हाकत ते आपल्या तळावर आले. आणि उतरल्यावर? दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी हट्टाने आपला अहवाल सांगितला. दुसऱ्या दिवशी ते गेले. पदक जाहीर झालं ते २२ मेला.

रक्त वाहतंय आणि माणूस अहवाल सांगतोय! तो बावळट कागद नव्हता तर. खाली जे दिसलं ते वर पोचलं नाही, तर जाणं-येणं फुकट.

त्या काळी मेल्यानंतर द्यायचे सन्मान दोनच होते. एक व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर सेनापतीच्या अहवालात नुसता नावाचा उल्लेख. मधली पदकं जिवंत माणसालाच. हा नियम वाचला आणि मी इंद्रलालच्या तारखा पुन्हा काढून पाहिल्या. शेवटचं विमान पाडलं १९ जुलैला. २२ जुलै १९१८ ला कार्व्हिन गावावर जर्मन विमानांशी लढताना तो पडला. गॅझेट निघालं त्यानंतर दोन महिन्यांनी. पदक त्याच्या छातीवर कधी लागलंच नाही.

फ्रान्समधल्या एस्तेव्हेल गावात त्याची कबर आहे. तिच्यावर फ्रेंचमध्ये आणि बंगालीतही लिहिलंय : ही महावीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका. मला तिथं जाता आलं नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि खरं सांगायचं तर पैसेही संपत आले होते.

तिसऱ्या दिवशी मी एक मराठी वळणाचं आडनाव शोधत होते. त्या काळी ब्रिटिश विमानदलातून लढलेले भारतीय वैमानिक मोजून चार. इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल सेन, आणि चौथे आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर. संगणकावर 'व्ही' अक्षराने शोधलं, काही नाही. पुन्हा शोधलं, काही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला : साहेब लोक 'डब्ल्यू'ने लिहीत असणार! तसंच निघालं. शोध घेताना नावाची सगळी स्पेलिंगं करून बघायची, ही युक्ती लक्षात ठेवा.

वेलिंकर २३ क्रमांकाच्या तुकडीत 'डॉल्फिन' नावाचं विमान चालवत. २७ जून १९१८ ला गस्तीवर गेले ते परतले नाहीत. मृत्यूची तारीख ३० जून. कबर फ्रान्समध्ये, हँगार्ड गावी. आता विचार करा. लढाईचा अहवाल परत आलेला माणूस सांगतो. जो परतलाच नाही, त्याचा अहवाल कोण सांगणार? शेवटच्या लढाईत तो कसा लढला, दोन होते समोर की दहा, हे कुठल्या रकान्यात भरायचं? मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी 'बरं वाटतंय ना?' असं खुणेनं विचारलं.

उलट मलिक बघा. २६ ऑक्टोबर १९१७ ला त्यांच्या विमानाची शत्रूने चाळण केली, चारशेच्या वर भोकं! पायात गोळ्या घुसल्या. तरी ते वाचले, परतले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले आणि १९८५ पर्यंत जगले. त्या लढाईबद्दल शौर्यपदक काही मिळालं नाही, पण गोष्ट सांगायला ते स्वतः होते.

जायच्या आदल्या दिवशी भाच्याला घेऊन हेंडनचं विमान संग्रहालय पाहिलं. तिथं इंद्रलालच्या प्रकारचं 'एस. ई. ५ ए' आहे, मलिक यांच्या प्रकारचं 'कॅमल' आहे आणि 'डॉल्फिन'ही. भाचा म्हणाला, "एवढंसं?" खरंच एवढंसं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसव्वीस फूट. लाकडाचा सांगाडा, वरून कापड. डॉल्फिनमध्ये तर वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर निघतं. विमान उलटलं तर काय होईल हे सांगायला नकोच. आणि पॅराशूट? त्या ब्रिटिश वैमानिकांना दिलेलंच नव्हतं. याच संग्रहालयाकडे अधिकाऱ्यांची जुनी नोंदपत्रंही आहेत. जखमी झाला, हरवला, परत आला, अशा एकेका ओळीच्या नोंदी, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातच्या.

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी क्यूहून शिसपेन्सिलीने उतरवून आणलेला तो तक्ता फळ्यावर काढला, सगळ्या रकान्यांसकट. आमचा तिकीटवाला आता पाचवीत गेलाय, पण मधल्या सुट्टीत बरोबर हजर झाला. "नऊ कुणी मोजली?" याचं उत्तर मी त्याला सांगितलं : त्याने स्वतः, मग सोबत्यांनी, मग जमिनीवरच्यांनी, मग साहेबांनी, आणि तरी ती दहा होती! मुलांनी हौसेने ६ जुलैचा रकाना भरला, ८ जुलैचा भरला. त्या दिवशी तर तीन वेळा लिहायला मिळालं.

मग तिकीटवाल्याने खडू घेतला आणि नवा तक्ता काढला. तारीख, २२ जुलै १९१८. तुकडी, ४०. विमान, एस. ई. ५ ए. वैमानिकाचं नाव नीट, वळणदार अक्षरात. खालच्या हकिकतीच्या जागेपाशी मात्र तो अडला. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग त्याने तिथं एकच शब्द लिहायला घेतला. अर्ध्यावर थांबून विचारलं,

"बाई, 'बेपत्ता'मध्ये त ला त ना?"

"हो," मी म्हटलं. "त ला त."